काचेआडचं मडकं

वर्दी उतरवून आता काही वर्षं झाली. दरोडे, खून, दंगली, सगळं पाहिलं आणि त्यातलं पुष्कळसं विसरलोही. पण एखाद्या दाराशी वाटीभर दूध ठेवलेलं दिसलं, मग ते मांजरीसाठी का असेना, की अजून मी दोन पावलं मागे सरतो. घरी सगळे हसतात. "दरोडेखोरांना घाबरला नाहीत आणि दुधाला घाबरता?" असं बायको म्हणते. तिलाही ही गोष्ट मी पूर्ण कधी सांगितलेली नाही. आज लिहूनच टाकतो. माणसं अजून आपापल्या जागी नांदत आहेत, म्हणून नाव कोणाचंच देत नाही.

तेव्हा मी धुळ्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली, गस्तीचा अहवाल वाचला आणि चहाचा कप तोंडाला लावतो तोच ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, म्युझियमच्या मॅडम आल्यात. तक्रार काय आहे ते त्यांनाच धड सांगता येत नाहीये."

मॅडम आत आल्या. वय तिशीच्या पुढे, सातवा महिना लागलेला. खुर्चीत बसल्या तेव्हापासून उठेपर्यंत त्यांचा एक हात पोटावरून हलला नाही. शहरातल्या एका खासगी न्यासाचं छोटं वस्तुसंग्रहालय होतं, त्याच्या त्या अभिरक्षक होत्या. अभिरक्षक काय करतात हे मला त्या दिवशी कळलं. तोवर माझा समज असा, की एक शिपाई तलवारी पुसतो, दुसरा तिकिटं फाडतो आणि संग्रहालय चालतं. या बाईंनी मात्र पुरातत्त्वात डॉक्टरेट मिळवली होती आणि कित्येक हिवाळे तापीकाठच्या गावांमधून उत्खननं करण्यात घालवले होते. सांगाडे, साप, विंचू यांच्यात वावरलेली बाई. अशी बाई घाबरून ठाण्यात येते, तेव्हा पोलिसाने हातातलं काम बाजूला ठेवावं.

त्यांनी पिशवीतून एक लहानसं टोपडं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. फिक्या पिवळ्या कापडाचं, वर लाल गोंडा.

"हे मी स्वतः कचऱ्यात टाकायला लावलं होतं," त्या म्हणाल्या. "आठवड्याने ते धुऊन, घडी करून माझ्या घराच्या दाराशी ठेवलेलं होतं."

मग सगळी हकिकत बाहेर आली. तापीकाठी एका गावाला लागून मातीचं एक जुनं टेकाड आहे. आपल्याकडे अशा जागेला पांढरी म्हणतात. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर, टाकायला लोक तिथली माती खणून नेतात. त्या पांढरीतून पाण्याच्या योजनेची पाइपलाइन जायची होती, म्हणून तिच्याआधी मॅडमनी तिथे घाईघाईने उत्खनन केलं. हजारो वर्षांपूर्वी त्या जागी एक वस्ती होती. त्या काळातली माणसं दगावलेली तान्ही मुलं मडक्यात घालून घरातल्याच जमिनीखाली पुरत असत. तशी बरीच मडकी तिथे निघाली, पण सगळी फुटकी. एक मात्र अखंड निघालं. ते आतल्या मातीसकट उचलून आणलं. आतली माती उकरायला पुण्याहून हाडांच्या तज्ज्ञ यायच्या होत्या, त्यांना सवड होईना. तोवर ते तसंच काचेच्या पेटीत मांडलं. तोंडाशी मातीत बुडालेली छोट्याशा कवटीची कड तेवढी दिसायची. खाली पाटी होती, 'बालदफन, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे'. शाळांच्या सहली येऊ लागल्या, वर्तमानपत्रात फोटो छापून आला, न्यासाचे संचालक खूश झाले.

आणि मग त्या पेटीपुढे दुधाची वाटी दिसू लागली.

पहिल्यांदा पहारेकरी नानांनी ती उचलून फेकली. पुढच्या आठवड्यात पुन्हा वाटी, शेजारी हे टोपडं. नाना घाबरले, सुट्टीवर गेले ते आलेच नाहीत. त्यानंतर वाटी मॅडमच्या घरच्या उंबऱ्याशी आली. मग टोपडं आलं. आणि आदल्या दिवशी भरदुपारी संग्रहालयात डोक्यावरून पदर ओढलेली एक बाई त्यांच्याजवळ आली, तिने त्यांच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "जपीसन ऱ्हाय, माय." एवढं बोलून ती निघून गेली.

"मी मूळची कोल्हापूरची, मला अहिराणी येत नाही. पण एवढं कळलं. धमकीच होती ना ती?" मॅडमनी विचारलं. मग खाली बघत म्हणाल्या, "याच्याआधी माझे दोन गर्भ गेलेत, साहेब. हे तिसरं. सासूबाई म्हणतात, तू मेलेल्यांची लेकरं उकरतेस, ती तुझ्या लेकरांना ओढून नेतात. मी शिकलेली बाई आहे, माझा विश्वास नाही यावर. पण मला झोप येत नाही."

मी त्यांना धीर दिला, स्टेशन डायरीला नोंद घेतली, अदखलपात्र तक्रार लिहून घ्यायला लावली. वर वर मी शांत होतो. आतून मात्र चरकलो होतो आणि त्याला कारण होतं. आधीच्या एका नेमणुकीत, सातपुड्याच्या पायथ्याला, गुप्तधनाच्या नादाने माणसं काय करतात ते मी पाहिलं होतं. शेतात खणलेला खड्डा, हळद, लिंबं आणि त्या खड्ड्यात आम्हाला जे सापडलं ते. तो तपशील लिहीत नाही. असल्या टोळ्यांना जुन्या पांढरीतलं काही उकरलं गेलं की धन निघालं असंच वाटतं, आणि दिवस गेलेल्या बाईवर त्यांची नजर असते हे मला ठाऊक होतं. जादूटोणाविरोधी कायदा कागदावर आला म्हणून डोक्यातलं खूळ जात नाही.

बंदोबस्त लावला. आमच्या एक महिला हवालदार होत्या, धरणगावकडच्या. सगळं ठाणं त्यांना अक्का म्हणायचं. त्यांना साध्या वेशात संग्रहालयात बसवलं. तिथे कॅमेरा होता, पण त्याचं तोंड देणगीपेटीकडे. संचालकांना विचारलं तर म्हणाले, "चोरी तिथेच होणार ना!"

अक्का चार दिवस जुनी नाणी बघत बसल्या. कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी मॅडमच्या घरून फोन आला. त्यांनी कामावर निघताना दार उघडलं आणि दाराच्या कडीला काहीतरी खुळखुळलं. कोणीतरी काळ्या दोऱ्याने तिथे लहान मुलाचा खुळखुळा बांधला होता. मॅडम तिथेच खाली बसल्या. मी पोचलो तेव्हा शेजारणी त्यांना सावरत होत्या. रक्तदाब वाढला होता, कळा येतात की काय अशी शंका होती. त्यांना दवाखान्यात हलवलं. डॉक्टरीणबाईंनी मला व्हरांड्यात गाठलं आणि स्पष्ट सांगितलं, "या बाईंची भीती थांबवा. औषधाने थोडंफारच होतं. अशाच राहिल्या तर मूल हाती लागण्याची खात्री मी देणार नाही."

त्या दिवसापासून माझ्यासमोर गुन्हेगार कमी आणि ते पोटातलं मूल जास्त होतं. मलाही लेकी आहेत. खुळखुळा मुद्देमाल म्हणून पाकिटात घालून ठाण्यात आणताना जीप खड्ड्यातून गेली की तो वाजायचा. शेवटी मी ते पाकीट मुठीत घट्ट धरलं.

खबर मिळाली ती संग्रहालयासमोरच्या चहावाल्याकडून. पोलिसाला खबऱ्या लागतो म्हणतात. माझा अनुभव असा, की समोरच्या टपरीवर रोज चहा प्यायलात तर निम्मं काम होतं. तो म्हणाला, "साहेब, ती बाई बाजाराच्या दिवशीच येते. अन् एकटी नाही येत. एक माणूस मोटारसायकलवर आणून सोडतो. तो आत कधी जात नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा राहतो, म्युझियमकडे पाठ करून."

पाठ करून. हे मला खटकलं. पाळत ठेवणारा माणूस जागेवरून नजर काढत नाही. हा बघतही नव्हता.

बाजाराच्या दिवशी दोघांनाही ताब्यात घेतलं. नवरा-बायको होते, त्याच पांढरीच्या गावचे. दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणारे, स्वतःचा तुकडाभर कपाशीचा. तिच्या पिशवीत दुधाची छोटी बाटली आणि एक वाटी होती. त्याचा फोटो दवाखान्यात मॅडमना दाखवला तर त्या ताडकन उठून बसल्या. "हा माझ्या उत्खननावर होता! सगळ्यात हलक्या हाताचा माणूस. ते मडकं यानेच उचललं होतं."

आता मला खात्री वाटू लागली. जागा माहीत, मडकं माहीत, मॅडम माहीत. गुप्तधनाच्या टोळीला आतला माणूस लागतो, तो हाच.

त्याला माझ्या खोलीत बसवलं. नाव-गाव विचारलं, ते त्याने सांगितलं. त्यापुढे तोंड मिटलं ते मिटलंच. मी आवाज चढवला. तुमचा भगत कोण, मॅडमच्या मुलावर कोणाचा डोळा आहे, खुळखुळा कोणी बांधायला सांगितला. तो जमिनीकडे बघत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, माले काय करनं ते करा. तिले सोडी द्या."

दुसऱ्या खोलीत अक्कांनी त्या बाईला आधी चहा पाजला आणि गप्प बसून राहिल्या. चौकशीचा हा प्रकार त्यांना छान जमायचा. माणूस घाबरलेला असला की प्रश्नांनी आणखी आत शिरतो, कोणी नुसतं शेजारी बसलं तर कधी तरी स्वतःच बोलतो. थोड्या वेळाने अक्का माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला.

"साहेब, तिने पहिला प्रश्न मला काय विचारला माहीत आहे? 'ती मॅडम कशी शे? तिनं पोट सांभायी ऱ्हायनी ना?' ही बाई कोणाचं वाईट करणारी नाही. तुम्ही चला जरा."

मी गेलो. विशी-बाविशीतली पोरगी होती, पदर कपाळावर. मी खुर्ची ओढली तशी ती अक्कांच्या मागे सरकली. अक्का म्हणाल्या, "सांग वं माय, माले सांगं तेच साहेबले सांग."

ती कितीतरी वेळ बोटाभोवती पदर गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "साहेब, ती मनी पोर शे."

मला कळलं नाही. "कोण तुझी पोर?"

"त्या मडकामा." आता तिचे डोळे भरून आले होते. "ती मास्तरीन पोरेसले सांगी ऱ्हायनी व्हती, तीन हजार वरीसनी शे म्हणे. मनी पोर त तीन महिनानी व्हती."

इतक्या वर्षांच्या नोकरीत जबाब ऐकताना माझ्या हातून पेन खाली पडलं ते तेवढं एकदाच.

ती मग थांबली नाही. तिथे लई थंडी शे, एसी चालू ऱ्हास, तिना डोकावर काहीच नही, असं ती सांगत होती. म्हणून टोपडं. ते नानांनी फेकलं तर तिने बाहेरच्या कचऱ्यातून उचलून, धुऊन मॅडमच्या दाराशी ठेवलं. का, तर "मॅडमजोडे किल्ली शे. त्या घालतीन तिले." खुळखुळाही तसाच, पोरीजवळ ठेवायला पोचवलेला. आणि पोटावर हात ठेवून जपायला सांगितलं ते खरोखरच जपायला सांगितलं होतं. तोंडाने सगळं सांगायची हिंमत तिला नव्हती, नवऱ्याने तिला शपथ घातली होती.

मी पुन्हा त्याच्याकडे गेलो. बायको बोलली हे ऐकल्यावर तो ढसाढसा रडला. दोन पावसाळ्यांपूर्वी पोर तापाने गेली. आपल्याकडे एवढ्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. पण गावच्या नाल्याला पूर होता, पलीकडच्या मसणवटीत जायला वाट नव्हती. धाब्याची माती खणताना त्याला पूर्वी पांढरीत एक जुनं अखंड मडकं सापडलं होतं. घरात ते पडूनच होतं. उघड्या चिखलात पोर कशी ठेवायची, म्हणून त्याने तिला त्या मडक्यात ठेवलं आणि पांढरीच्या उंचावर पुरलं. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या कोण्या बापाने केलं असेल तेच त्याने केलं, आणि त्याला त्यातलं काहीएक माहीत नव्हतं.

"मग उत्खननात मडकं निघालं तेव्हा बोलला का नाहीस?"

"काय बोलू साहेब? पहिली बी पोरच शे मनी. लोके म्हणतीन, दुसरी बी पोर व्हयनी म्हनीसन मारी टाकी. पोलीस येतीन." त्याने डोळे पुसले. "मॅडम म्हणन्यात, सांभाळून उचल रे, आत लेकरू आहे. मी जपीसन उचलं. मनाच खांदावर ठेवं नि गाडीमा लई गऊ."

मी बाहेर येऊन अंगणात उभा राहिलो. टोळी नव्हती, भगत नव्हता. पण भीती गेली असं मला म्हणता येईना, तिने फक्त घर बदललं होतं. हे दोघं खरं बोलत असतील तर संग्रहालयाच्या काचेत एका जिवंत आईचं मूल ठेवलं होतं आणि शाळेची पोरं तिकीट काढून ते बघत होती. खोटं बोलत असतील तर का? आणि आणखी एक शंका होती, ती मी अक्कांनाही बोललो नाही. मडकं उघडलं आणि त्या इवल्या हाडांवर मार दिसला तर? मग हे प्रकरण खुनाचं होणार होतं आणि त्या पोरीला बेड्या मलाच घालाव्या लागणार होत्या.

संचालकांनी साफ नकार दिला. "मडकं तीन हजार वर्षांचंच आहे, तज्ज्ञांनी तपासलंय. कोणीही मजूर येऊन काही सांगेल आणि आम्ही उघडायचं?" मी त्यांना कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणतो म्हणालो, तसे ते वकिलांशी बोलतो म्हणाले.

मॅडमना सांगायचं काम मलाच होतं. डॉक्टरीणबाईंना विचारून, बसून, हळू आवाजात सांगितलं. मला वाटलं होतं त्या मोडून पडतील. त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "मडकं जुनंच आहे, साहेब, त्यात माझी चूक नाही. माझी चूक मातीत आहे. त्याच्याभोवतीची माती सैल होती, वरून खणून भरलेली. मी ते पाहिलं होतं. पण पाइपलाइनचं यंत्र घरघरत उभं होतं आणि मला अखंड मडकं मिळालं होतं. मी पुढे बघितलं नाही." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी ज्या बाईला घाबरत होते, ती रोज मला घाबरत होती का हो?"

त्यांनी हट्ट धरला, की मडकं त्या स्वतः उघडणार. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाईंनी मात्र परवानगी दिली. त्या मला म्हणाल्या, "इथे पडून विचार करण्यापेक्षा ते बरं."

आदेश मिळाला. नायब तहसीलदार, सरकारी वैद्यकीय अधिकारी, दोन पंच असे सगळे संग्रहालयाच्या मागच्या खोलीत जमलो. जबाबांनंतर पेटीला लावलेलं सील मी सगळ्यांसमोर फोडलं. त्याआधी एक गोष्ट करून घेतली. मडक्यात काय आहे ते त्या आईने पंचांसमोर आधीच सांगावं. उघडल्यावर कोणीही काहीही म्हणू शकतं.

ती जमिनीवर बसली होती. नवरा दाराबाहेर, नेहमीप्रमाणे पाठ करून.

"उजवा हातमा काया मणी शेत," ती म्हणाली. "लाल दोरामा. त्यामा एक मणी फुटेल शे, अर्धा. दुसरा नव्हता म्हनीसन तसाच ओवेल शे."

उजव्या हातात लाल दोऱ्यातले काळे मणी, त्यातला एक अर्धा, असं लिहून पंचांनी सह्या केल्या. मॅडम टेबलाशी बसल्या आणि त्यांनी बांबूची पातळ काडी आणि रंगाचा ब्रश हातात घेतला. पोट टेबलाला लागत होतं म्हणून त्या जरा तिरक्या बसल्या. माती चिमूटभर सुटी करायची, ब्रशने सारायची, डब्यात भरायची. खोलीत पंखा बंद होता. त्यांचा हात एकदाही चुकला नाही. हीच बाई खुळखुळ्याच्या आवाजाने उंबऱ्यावर कोसळली होती.

कवटी मोकळी झाली. वैद्यकीय अधिकारी वाकले, भिंगातून चारी बाजूंनी बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी मान हलवली. मार नव्हता.

मग खांदा, मग बरगड्या. एका जागी मॅडमची काडी अडली तेव्हा खालून आवाज आला, "हळू, मॅडम."

"हो गं. जपून करतेय," मॅडम मान न वळवता म्हणाल्या.

मातीत एक काळा ठिपका दिसला. ब्रश फिरला. एक मणी, त्याच्याशेजारी दुसरा. दोरा कुजून गेला होता, लाल रंगाची रेघ तेवढी मातीला चिकटलेली. आणि त्या रेघेवर, बाकीच्यांच्या मध्ये, अर्धा मणी.

मॅडमनी ब्रश खाली ठेवला. खुर्चीवरून उतरणं त्यांना जड जात होतं, तरी त्या उतरल्या आणि त्या पोरीशेजारी जमिनीवर बसल्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत. नुसत्या शेजारी बसून राहिल्या. काही वेळाने त्या पोरीने पुन्हा मॅडमच्या पोटावर हात ठेवला आणि या वेळी मॅडमनी तिचा हात तिथेच धरून ठेवला.

पुढचं सगळं रीतसर झालं. वैद्यकीय अहवाल आला, हाडं अलीकडची, घातपाताचं चिन्ह नाही. गावच्या उपकेंद्रातल्या नर्सला ते तापलेलं बाळ आणि चिखलातून त्याला घेऊन आलेली आई चांगली आठवत होती. अकस्मात मृत्यूची नोंद घेऊन ती बंद केली. अवशेष आईबापाच्या ताब्यात द्यायचे तेव्हा त्या पोरीने टोपडं मागितलं. मुद्देमालातून ते सोडवायचे सोपस्कार मी स्वतः केले. ते घातलं मात्र मॅडमनी. किल्ली त्यांच्याकडे होती ना.

मॅडमना मुलगी झाली, थोडी आधी, पण ठणठणीत. त्यांनी आपली चूक आपल्या नावानिशी लिहून विद्वानांपुढे मांडली. त्यावरून त्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं, त्या संग्रहालयाची नोकरीही सोडावी लागली. संशोधन त्यांनी सोडलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कोणी विचारलं, तर मोठं तत्त्वज्ञान माझ्यापाशी नाही. सेवेत मी घाबरवणारी माणसं शोधत फिरलो. ठाण्याच्या पायरीवर येणारी निम्मी माणसं स्वतःच इतकी घाबरलेली असतात, की त्यांच्या हातून जे होतं ते बघून आपण घाबरतो, हे मला त्या पोरीने दाखवलं. तिला खरं बोलायची भीती कोणाची होती? माझी, या वर्दीची. हे आठवलं की अजून बरं वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात मॅडमचं पिंपळनेरच्या बाजूला नवं उत्खनन सुरू व्हायचं होतं. त्यांनी आग्रहाने बोलावलं म्हणून गेलो. खुंट्या ठोकून, दोरी ताणून चौकोन आखलेला. मजूर कुदळी घेऊन तयार. पण मॅडमनी काम सुरू करू दिलं नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायकांना त्यांनी तिथे बोलावलं होतं. एकेकीपाशी जाऊन त्या एकच प्रश्न विचारत होत्या, "आजी, या जागेत तुमचं कोणी आहे का?"

बायका नाही म्हणत होत्या, एखादी हसत होती. शेवटची आजी काठीवर रेलून उभी होती. तिने आखलेल्या चौकोनाकडे पाहिलं, एका कोपऱ्याकडे खूप वेळ पाहिलं आणि मान खाली घातली.

"शे," ती म्हणाली.

कोण, कधी, कसं, मॅडमनी काहीच विचारलं नाही. त्या वाकल्या, त्या कोपऱ्यातली खुंटी स्वतःच्या हाताने उपटली आणि दोरी अलीकडे घेतली.